परातीतला पसारा : लहान घरात एक ते तीन वर्षांच्या मुलांचा पीठ-रंग-मातीचा खेळ

पोळ्या करताना पायाशी घुटमळणाऱ्या मुलाच्या हातात कणकेचा छोटा गोळा द्यायचा, फार तर त्याची चिमणी करून दाखवायची, ही आपल्या घरांतील जुनी रीत आहे. मूल ती चिमणी क्षणात चुरगाळते, दाबते, फरशीवर थापते आणि पुन्हा हात पुढे करते. ज्याला आज ‘सेन्सरी प्ले’ म्हणतात आणि ज्यासाठी दुकानांत रंगीबेरंगी संच मिळतात, त्याचे मूळ या कणकेच्या गोळ्यात आहे असे मला मनापासून वाटते. एक ते तीन वर्षांच्या मुलाला चित्र काढायचे नसते. ओले, कोरडे, चिकट, गार, भुसभुशीत असे सारे काही त्याला हातांनी ओळखून घ्यायचे असते, आणि रंग हा त्याच्या दृष्टीने आणखी एक चिकट पदार्थ असतो. म्हणून पुढे सांगितलेल्या खेळांतून भिंतीवर लावण्याजोगे काही हाती येईल अशी अपेक्षा पालकांनी ठेवू नये.

मुंबईत घर लहान असते, अंगण नसते, पाणी ठरावीक वेळीच येते आणि गॅलरीतून रंग ओघळला तर खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतो. त्यामुळे ‘काय खेळावे’ याआधी ‘कुठे आणि केव्हा खेळावे’ हे ठरवावे लागते. हे एकदा नीट ठरले की दर दोन मिनिटांनी ‘नको’, ‘सांडू नकोस’, ‘हात पूस’ असे म्हणण्याची वेळ येत नाही, आणि माझ्या मते संपूर्ण खेळाचा कस याच एका गोष्टीवर लागतो. ज्या खेळात मोठ्या माणसाचा जीव सतत सोफ्यात आणि पडद्यात अडकलेला असतो, त्यात मुलाचा जीव रमत नाही.

जागा, वेळ आणि परात

सर्वांत सोयीची जागा म्हणजे नहाणीघर, किंवा चाळीतील घर असेल तर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातील मोरी. उतार असतो, नळ हाताशी असतो आणि भिंतीवर टाइल्स असतात, त्यामुळे सगळे धुऊन निघते. मात्र मूल आत बसवण्याआधी फिनेल, ॲसिड, कपड्यांचा साबण आणि दाढीचे सामान तेथून पूर्णपणे हलवावे, गीझर बंद करावा, आणि पाण्याने भरलेली बादली, टब किंवा उघडे पिंप तेथे असू देऊ नये. आपल्याकडे पाणी साठवून ठेवण्यावाचून गत्यंतर नसते, परंतु या वयाचे मूल बादलीत डोके खाली झुकवून तोल गेल्यास स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही, आणि काही सेंटिमीटर खोल पाणीही त्याला बुडण्यास पुरेसे ठरते. पिंपाला घट्ट झाकण असावे आणि बादली पालथी असावी.

नहाणीघर अगदीच अरुंद असेल तर पावसाळ्यापूर्वी पत्र्यांवर घालण्यासाठी जी निळी ताडपत्री विकली जाते, तिचा साधारण दीड मीटर लांब-रुंद तुकडा कापून आणावा आणि स्वयंपाकघरात अंथरावा. ताडपत्री ओली झाली की निसरडी होते, म्हणून तिच्यावर एखादी जुनी सुती चादर घालावी. वर्तमानपत्रे अंथरण्याचा सल्ला पुष्कळदा दिला जातो, पण ओला कागद मुलाच्या पायांना चिकटतो, त्याचे तुकडे तोंडात जातात आणि शाई फरशीला लागते. मी तो सल्ला देणार नाही.

साधन म्हणून परातीइतके चांगले काही नाही. माळ्यावर पडलेली एखादी जुनी स्टीलची परात काढावी आणि ती केवळ खेळासाठी राखून ठेवावी. तिचा काठ ही खेळाची सीमा होते, आणि ‘पीठ परातीत’ एवढे दोन शब्द काही आठवड्यांत दीड वर्षाच्या मुलालाही कळू लागतात. स्टीलवर हळदीचा डाग राहत नाही, प्लॅस्टिकवर राहतो. शिवाय मूल जमिनीवर मांडी घालून किंवा उकिडवे बसून खेळते, त्यामुळे खुर्चीवरून पडण्याची भीती नसते आणि संपूर्ण हात खांद्यापासून हलतो. या वयात बोटांपेक्षा खांदा आणि कोपर यांचीच हालचाल जास्त असते. मूल साधारण १५ ते १८ महिन्यांचे झाले की रेघोट्या ओढू लागते, दोन वर्षांच्या आसपास उभी रेघ काढते आणि गोल जमायला बहुधा तीन वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणून ब्रश हातात देऊन ‘असा धर’ असे शिकवण्याची घाई करू नये. मूठभर पकडलेला ब्रश हीच त्या वयाची योग्य पकड होय.

वेळ निवडताना दोन गोष्टी पाहाव्यात. मूल झोपून उठलेले असावे आणि त्याचे पोट भरलेले असावे, कारण भुकेले मूल समोरचा प्रत्येक पदार्थ तोंडात घालते. खेळानंतर लगेच अंघोळ असेल तर सर्वांत उत्तम. ज्या इमारतींत सकाळीच पाणी येते तेथे सकाळची अंघोळ, इतरांनी संध्याकाळची अंघोळ धरून चालावे. अंगात केवळ चड्डी असली तरी मुंबईच्या हवेत पुरते. सुरू करण्यापूर्वी दोन ओले नॅपकिन, एक जुना टॉवेल, तांब्याभर पाणी आणि रिकामा डबा हाताच्या अंतरावर ठेवावा, कारण एकदा मूल परातीपुढे बसले की मोठ्या माणसाने तेथून उठायचे नसते. दाराची बेल वाजली तर मुलाला उचलून दाराशी जावे.

एक वर्षाचे मूल पाच मिनिटांत उठून जाईल, अडीच वर्षांचे अर्धा तासही बसेल. दोन्ही योग्यच आहे. तयारीला खेळापेक्षा जास्त वेळ लागत असेल तर तयारी कमी करावी, अन्यथा मूल उठले की आपल्याला राग येतो आणि तो राग त्याला दिसतो.

काय वापरू नये

या वयात प्रत्येक वस्तू तोंडात जाणार, क्वचित नाकात आणि कानातही जाणार, हे गृहीत धरूनच वस्तूंची निवड करावी. साधारण ४ सेंटिमीटरपेक्षा लहान आणि कठीण असे काहीही परातीत असू नये. शेंगदाणे, चणे, वाटाणे, राजमा, मणी, बटणे ही मंडळी तीन वर्षांनंतरची. राजम्याच्या कच्च्या दाण्यात तर पोट बिघडवणारे विष असते. पाण्यात टाकल्यावर फुगणारे, सजावटीसाठी विकले जाणारे पारदर्शक रंगीत मणी लहान मूल असलेल्या घरात आणूच नयेत. गिळलेला मणी आतड्यात फुगत राहतो, मार्ग अडवतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जाऊ शकते. परदेशी व्हिडिओंमध्ये ते फार मोहक दिसतात, म्हणून हे स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. तशाच मऊ, बुळबुळीत स्पर्शासाठी भरपूर पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवून गार केलेला बारीक साबुदाणा वापरता येतो. तो बोटाने दाबला की विरघळल्यासारखा पसरतो.

रांगोळी ही दगडाची बारीक भुकटी असते आणि ती श्वासातून आत जाते, म्हणून मोठ्यांच्या रांगोळीशेजारी बसून पाहणे ठीक, मुठी भरून उधळणे नको. रंगपंचमीचे रंग, चमकी, दाढीचा फेस, बोरॅक्स घातलेला स्लाइम, आणि चौपाटीवरून पिशवीत भरून आणलेली वाळू हेही वर्ज्य समजावे. प्लॅस्टर ऑफ पॅरिस पाण्यात घट्ट होताना इतके तापते की त्यात बुडवून ठेवलेला हात भाजतो. मुलांच्या हाताचा ठसा घेण्यासाठी ते वापरण्याची टूम निघाली आहे. तिच्या वाटेला जाऊ नये.

कच्चे पीठ निरुपद्रवी वाटते, पण त्यात जंतू असू शकतात आणि ते शिजल्यावरच मरतात. जे मूल अजून सर्व काही चाटते त्याला कच्च्या कणकेऐवजी पुढे सांगितलेली उकड द्यावी. गहू, दूध किंवा अन्य कशाची ॲलर्जी घरात ठाऊक असेल तर तो पदार्थ वगळावा. नवा रंग आधी मुलाच्या मनगटाच्या आतल्या बाजूस थोडासा लावून, तासाभराने त्वचा लाल झालेली नाही ना हे पाहून मगच वापरावा.

अन्नाशी खेळ?

घरातील आजी-आजोबांचा एक आक्षेप हमखास येतो : अन्न हे पूर्णब्रह्म, त्याच्याशी खेळू नये. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा मुळीच नाही. खेळाला किलोभर तांदूळ किंवा रंगवलेल्या शेवयांचे ढीग लागत नाहीत, अर्धी वाटी पिठी पुरते. रंगासाठी बिटाची स्वच्छ धुतलेली साले आणि पालकाचे देठ चालतात, जे एरवी ओल्या कचऱ्यात गेले असते. जेवणाचे ताट वेगळे आणि खेळाची परात वेगळी, जेवणाची जागा वेगळी आणि खेळाची जागा वेगळी, हा नियम कसोशीने पाळला तर मूलही गोंधळत नाही. आमच्याकडे सासूबाईंनी सुरुवातीला नाराजी दाखवली होती. त्यांच्याच हाताने उकड काढून घेतल्यावर त्या परातीशेजारी बसू लागल्या, आणि माझ्यापेक्षा त्यांचाच संयम मोठा निघाला.

घरातील साध्या वस्तूंनी शिकवावे हा विचार आपल्याकडे नवा नाही. १८९२ मध्ये मुंबईतच जन्मलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे, आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे बालशिक्षणाचे काम करताना माँटेसोरी पद्धतीतील महागड्या साधनांऐवजी परिसरात मिळणारी पाने, फुले, बिया, शंख-शिंपले आणि माती यांचाच उपयोग केला. बालवाडीतल्या मुलांच्या हाती बिया-शिंपले शोभतात. आपली मुले त्याहून लहान असल्याने आपण त्यातील पाने, माती आणि पाणी एवढेच घ्यावे.

करून पाहण्याजोगे खेळ

पहिला खेळ उकडीचा. मोदकांसाठी काढतो तशीच उकड काढायची आहे : एक वाटी पाणी उकळून त्यात चमचाभर तेल घालावे, एक वाटी तांदळाची पिठी घालून ढवळावे, झाकण ठेवून मंद आचेवर दोन-तीन वाफा आणाव्यात आणि कोमट झाल्यावर तेलाच्या हाताने मळावे. मीठ घालू नये. ही उकड शिजलेली असल्यामुळे चाटली तरी चालते. तिच्या आत उष्णता बराच वेळ दडून राहते, म्हणून गोळा मोडून मधला भाग आपल्या मनगटाला लावून पाहिल्याशिवाय मुलाला देऊ नये. मुलाने ती थापावी, चिमटे काढावेत, वाटीची कड तिच्यात दाबावी. गव्हाच्या चाळणीवर दाबली की तिच्यावर जाळी उमटते आणि मूल तोच प्रयोग दहा वेळा करते. ही उकड त्याच दिवशी टाकून द्यावी.

दोन वर्षांहून मोठ्या आणि तोंडात घालणे सोडलेल्या मुलांसाठी टिकाऊ गोळा करता येतो. एक वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, एक वाटी पाणी, एक मोठा चमचा तेल आणि अर्ध्या लिंबाचा रस एकत्र कालवून, कढईत मंद आचेवर गोळा कडा सोडेपर्यंत परतावे आणि गार झाल्यावर मळावे. यात मीठ फार असते, ते पोटात जाणे लहान मुलाला घातक ठरू शकते, म्हणून हा गोळा चाटणाऱ्या मुलासाठी नाही. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवल्यास तो आठवडाभर तरी राहतो. जुलैच्या दमट हवेत मात्र मीठ ओलावा ओढून घेते आणि गोळ्याला पाणी सुटते. अशा वेळी चमचाभर मैदा घालून कढईत पुन्हा परतावे.

दुसरा खेळ बोटांनी रंगवण्याचा, आणि त्याचा रंग म्हणजे आपली खळच. पतंग चिकटवायला जशी मैद्याची खळ करतात तशी येथे कॉर्नफ्लोअरची करायची : दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न राहू देता कालवावे, मग मंद आचेवर सतत ढवळत शिजवावे. मिश्रण काहीसे पारदर्शक होऊन चमच्याला धरू लागले की उतरवून पूर्ण गार करावे. तीन वाट्यांत वाटून एकीत बिटाचा रस, दुसरीत चिमूटभर हळद आणि तिसरीत वाफवून वाटलेल्या पालकाचे गाळलेले पाणी घालावे. सुटी, डोळ्यांत भरेल इतकी भडक हळद घेऊ नये, कारण अशा भेसळीत शिशाचे संयुग असू शकते. बिटाचा रंग मुलाने बराच चाटला तर दुसऱ्या दिवशी लघवी किंवा शी लालसर दिसू शकते, त्याने घाबरून जाऊ नये. हा रंग परातीत, टाइल्सवर, पालथ्या ताटावर फासता येतो. आठवण ठेवायचीच असेल तर खेळून झाल्यावर रंगलेल्या परातीवर कोरा कागद हलकेच दाबून उचलावा. मुलाच्या बोटांच्या रेघा जशाच्या तशा कागदावर येतात, आणि त्यासाठी त्याला खेळताना थांबवावे लागत नाही.

अडीच वर्षांनंतर याच रंगांत थोडी जादू करून दाखवता येते. हळदीच्या खळीत चिमूटभर खायचा सोडा पडला की पिवळा रंग विटकरी लाल होतो. हळद आणि चुना यांपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे, परंतु चुना त्वचा आणि डोळे भाजतो, तो मुलांजवळ आणू नये. गोकर्णाची निळी फुले धुऊन गरम पाण्यात घातली की पाणी निळे होते, आणि गार झाल्यावर त्यात लिंबू पिळले की जांभळे. लिंबू आपण पिळावे. मूल ‘पुन्हा’ म्हणेल, म्हणून फुले जास्तच ठेवावीत.

मे महिन्यात बर्फाचा खेळ सर्वांत सुखाचा असतो. छोटे चौकोनी तुकडे घशात अडकू शकतात, म्हणून मोठ्या वाटीत किंवा डब्यात पाणी, झेंडूच्या पाकळ्या आणि पुदिन्याची पाने घालून एकच मोठा गोळा गोठवावा. फ्रीजरमधून काढल्यावर पाच मिनिटे बाहेर ठेवावा, नाहीतर तो ओल्या बोटांना आणि जिभेला चिकटतो. तो वितळत लहान झाला की परातीतून काढून घ्यावा.

भाद्रपदाच्या आधी लालबाग-परळच्या बाजूला आणि इतरत्रही शाडू माती सहज मिळते. एक किलो पुष्कळ झाली. कोरडी माती उडते, म्हणून ती आपण आदल्या रात्री भिजवून, मऊ मळूनच मुलापुढे ठेवावी. तिच्यासारखा थंड, गुळगुळीत स्पर्श विकतच्या कोणत्याही गोळ्याला नाही. घरात गणपती बसत असेल तर मोठे भावंड मूर्ती घडवत असताना धाकट्याला त्याची परात शेजारी देता येते.

कॉर्नफ्लोअर आणि पाणी दोनास एक या प्रमाणात नुसते कालवले की एक विलक्षण पदार्थ तयार होतो. मूठ आवळली की कण एकमेकांत अडकून तो घट्ट होतो आणि मूठ सोडली की ओघळतो. यासाठी पांढरे कॉर्नफ्लोअरच हवे, मक्याचे पिवळे पीठ चालत नाही. हे मिश्रण कच्चे असल्याने चाटणाऱ्या मुलांसाठी नको.

शब्द आणि शांतता

खेळताना ‘हे काय काढलेस?’ असे विचारू नये. मुलाने काहीही काढलेले नसते. त्याऐवजी त्याच्या हाताला जे लागते आहे त्याला नाव द्यावे, आणि यासाठी मराठीजवळ शब्दांचे भांडार आहे. खळ बुळबुळीत, उकड मऊसूत, चाळणी खरबरीत, भिजलेली माती लिबलिबीत, वाळू लागलेली माती भुसभुशीत, रवा रवाळ, परातीचा तळ गुळगुळीत, बर्फ गारेगार. यातले कित्येक शब्द उच्चारातच स्पर्श घेऊन येतात, म्हणून मूल ते चटकन उचलते. एका वेळी एक शब्द, आणि तोही हात त्या पदार्थात असतानाच. बाकी वेळ गप्प बसावे. एकाग्र झालेल्या मुलाशी बोलत राहणे म्हणजे त्याला झोपेतून हलवण्यासारखे आहे.

काही मुलांना हात भरलेले मुळीच आवडत नाहीत, ती रडतात किंवा हात वर धरून बसतात. अशा मुलाचा हात धरून रंगात बुडवू नये. त्याला आधी कोरडा भाजलेला रवा आणि चमचा द्यावा, काही दिवसांनी झिप असलेल्या जाड पिशवीत खळ भरून, तोंड चिकटपट्टीने बंद करून, वरून दाबू द्यावी, आणि ओला नॅपकिन त्याच्या स्वतःच्या हाताशी ठेवावा, म्हणजे हवे तेव्हा हात पुसता येतील एवढी खात्री त्याला राहील. आपण स्वतः शेजारी बसून खेळावे. यात आठवडे जातात. खेळासोबतच कपडे, अंघोळ, जेवणातील बहुतेक पदार्थ यांचाही स्पर्श मुलाला असह्य होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना सांगावे. ते गरजेप्रमाणे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे पाठवतात.

आवराआवर

खेळ संपत आला की आधी सांगावे, मग थांबवावे. मुलाला एक ओले फडके देऊन परातीची कड पुसू द्यावी. ती स्वच्छ होणार नाही, पण पुसणे हाही त्याला खेळच वाटतो. उरलेला पसारा आपण आवरावा, दुसऱ्या दिवशी येणाऱ्या घरकामाच्या ताईंसाठी ठेवू नये. खेळ आपण मांडलेला असतो.

मोरीच्या जाळीतून पीठ, साबुदाणा किंवा माती कधीही जाऊ देऊ नये. कॉर्नफ्लोअरचे उरलेले पाणी मी एकदा तसेच ओतले होते, ते जाळीखाली बसून दगडासारखे घट्ट झाले आणि दोन दिवस पाणी तुंबले. तेव्हापासून पिठाचे सर्व पदार्थ खरवडून ओल्या कचऱ्याच्या डब्यात जातात, आणि शाडूचे पाणी बादलीत रात्रभर निवळू देऊन वरचे पाणी मोरीत व खालची माती कुंडीत जाते. निवळेपर्यंत ती बादलीही झाकून उंचावर ठेवावी.

बिटाचा डाग गार पाण्याने लगेच धुतला तर निघतो. हळदीचा डाग साबण लावला की लाल होतो, तेव्हा दचकू नये, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवावे आणि कपडा उन्हात टाकावा. हळदीचा रंग उन्हाने उडतो, दोन-तीन दिवसांच्या कडक उन्हात फिकट होत जातो. जून ते सप्टेंबर असे ऊन मुंबईत मिळत नाही, म्हणून त्या महिन्यांत बीट आणि पालक यांवर काम भागवावे आणि हळदीची वाटी ऑक्टोबरमध्ये काढावी.